एका क्रियापदाची चौकशी

कुंडलचे रिटायर्ड सुभेदार नानासो यांचा जगात कुणावरच विश्वास नव्हता. उभी नोकरी सीमेवरच्या पहाऱ्यात गेलेली. तिथं झुडूप हललं तरी संशय घ्यायचा पगार मिळायचा. रिटायर झाल्यावर पगाराची पेन्शन झाली, संशय मात्र अजून फुल ड्युटीवर होता. गावात कुणी रामराम घातला तर ते आधी त्याच्या दुसऱ्या हाताकडं बघायचे. डॉक्टरनं बीपी नॉर्मल आहे म्हणून सांगितलं, तर मशीन बदलून परत मोजायला लावायचे.

अशा माणसाच्या पोरीला, संयोगिताला, वाईचं स्थळ आलं. संयोगिता पलूसला माती तपासायच्या लॅबमध्ये कामाला. मुलगा जयराज साताऱ्याच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचा, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास झाला तर पगार, नाही झाला तर नुसताच चहा. बघायचा कार्यक्रम झाला, कांदेपोहे झाले. संयोगिताला मुलगा आवडला. तिच्या लॅबबद्दल त्यानं विचारलं आणि उत्तर संपेपर्यंत ऐकलं, हे तिनं नंतर आईला, धोंडुबाईंना, चुलीपाशी सांगूनही टाकलं.

घोटाळा झाला तो पोह्यांच्या वेळीच. नानासोंनी विचारलं होतं, "पीएचडी कशावर करताय म्हणालात?"

"एका क्रियापदावर, सुभेदारसाहेब. जुन्या इंग्रजीतलं हाय. टॅरी."

"म्हंजे?"

"म्हंजे थांबणं. पण कसं, निघायची येळ झालीया, चपला पायात घातल्यात, आणि तरी पाय निघंना, तसलं थांबणं. आता कोण बोलत न्हाई हा शब्द. जुन्या कथांत, जुन्या कवितांत लय सापडतो."

"आन किती दिस चाललंय हे?"

"पाच वर्षं झाली."

नानासोंनी बशी खाली ठेवली. "आमच्या पलटणीत थांबायला एकच शब्द हुता. थम. त्यो शिकायला आमाला एक सकाळ लागली."

"थम हा हुकूम झाला," जयराज नम्रपणे म्हणाला. "टॅरी ही विनवणी हाय. कुणीतरी कुणाला तरी म्हणायची."

नानासोंनी बशी परत उचलली आणि उरलेले पोहे संपवले. जाताना दोन्ही बाजूंनी एकमेकांना 'कळवतो' म्हणून सांगितलं. आमच्याकडं 'कळवतो' या शब्दात होकार, नकार आणि 'आधी चौकशी करू द्या' हे तिन्ही दाटीवाटीनं बसलेले असतात.

पाहुणे गेले तसे नानासो उठले आणि अंगणात फेऱ्या मारायला लागले.

"ह्यो काय तरी लपिवतोय. एक शब्द घिऊन पाच वर्षं कोण बसतंय व्हय? जेलात आसंल तवा. न्हाईतर पयली बायको आसंल कुठंतरी."

"आवं, शब्द शिकायला पयली बायको कशाला लागती?" धोंडुबाई म्हणाल्या.

"म्हणूनच तर संशय येतोय."

तर चौकशी करायचं ठरलं. आता चौकशीची आमच्या भागात एक रीत आहे. 'आमी पोराची चौकशी कराय आलोय' असं म्हणून कुणी जात नाही. तसं म्हटलं की भावकीतला माणूस मोडता घालतो आणि उधारीतला माणूस आरती ओवाळतो, खरं कुणीच सांगत नाही. म्हणून गिऱ्हाईक बनून जायचं. कुणी जमीन बघायला, कुणी पत्र्याचं शेड बघायला. बोलता बोलता विषय काढायचा. या कामाला माणूस आतल्या गाठीचा लागतो. नानासोंकडं होता तो मेहुणा कोंडीबा. त्याचा चेहरा इतका सरळ, की पोटात काय शिजतंय ते कपाळावर वाचता यायचं. शिवाय समोरच्याला नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. पण घरातलाच माणूस पाठवायचा, बाहेरचा फितूर होतो, असं नानासोंचं मत.

कोंडीबा वाईला उतरला. पानपट्टीवर विचारलं, न्हाव्याकडं दाढी करता करता विचारलं, घाटावर देवळाच्या पुजाऱ्याला विचारलं. मग फोन लावला.

"दाजी, सगळी चांगलंच बोलत्यात."

"सगळी?"

"सगळी. दारू न्हाई, तंबाखू न्हाई, भांडण न्हाई. पुजारी तर म्हणला, लाखात एक पोरगा."

"मग पढवून ठिवल्यात. गावात एकबी माणूस नाव ठिवत न्हाई म्हंजे काय? माझ्याबद्दल गावात जाऊन इचार बघू. तू पार घरापतूर जा."

घर वाईच्या कडेला, कृष्णेलगतच्या मळ्यात. अंगणात जयराजच्या आई राहीबाई म्हशीपुढं वैरण टाकत होत्या. आता राहीबाईंची ओळख थोडक्यात सांगायची तर, नानासो साडी नेसले असते तर जे झालं असतं ते. सोयरीक सुचवणारा माणूस घरातून बाहेर पडल्यावर त्या कप मोजायच्या. ऊसवाला सुभेदार आपली नोकरीवाली पोरगी तासिकेवाल्या मास्तरला देतोय, म्हणजे पोरीत काहीतरी खोट असणार, हा विचार त्यांना बघायच्या दिवसापासून चावत होता.

"म्हशी बघत फिरतोय, बाई," कोंडीबा म्हणाला. "इकायची हाय का ही?"

राहीबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हशीचं गिऱ्हाईक आधी दात बघतं, मग कास बघतं. हा पाहुणा घराचा स्लॅब बघत होता, दारातल्या चपला बघत होता, दोरीवर कुणाकुणाचे कपडे वाळतायत ते बघत होता. चौकशीवाला! त्यांनी एका नजरेत ओळखलं. पण ओळखलंय असं दाखवलं, तर 'बाई फटकळ हाय' असा रिपोर्ट जाणार. म्हणून त्या गोड आवाजात म्हणाल्या, "हाय की. बिजली तिचं नाव. पण किंमत जरा जास्त पडंल." आणि आकडा असा सांगितला, की बिजलीनंही वैरणीतून मान वर केली.

खरं गिऱ्हाईक असतं तर इथं निम्म्यावर आलं असतं. पण कोंडीबाचं डोकं दुसरीकडंच. "चालंल," तो म्हणाला. "घरात कोण कोण आसतं तुमच्या?"

झालं. आता मागं सरायची सोय कुणालाच राहिली नाही. राहीबाईंनी नाही म्हणावं, तर 'बाई शब्दाला पक्की न्हाई' असं कुंडलला कळणार. कोंडीबानं नाही म्हणावं, तर सोंग उघडं पडणार, आणि तसंही त्याला नाही म्हणता येत नव्हतंच. राहीबाई मनात म्हणाल्या, आता माघार घेईल. कोंडीबा मनात म्हणाला, आता बाई माघार घेतील. दोघंही एकमेकांच्या माघारीची वाट बघत राहिले आणि बिजली छोटा हत्ती टेम्पोत चढली. पैसे नानासोंनी फोनवरून पाठवले, 'चौकशीला खर्च लागतोय' एवढ्या बोलीवर.

कुंडलच्या अंगणात गाडी थांबली. मागचं फळकूट उघडलं. नानासो बघतच राहिले.

"ह्ये काय रं?"

"चौकशी, दाजी."

"चौकशीला शिंगं कवापासनं फुटाय लागली?"

कोंडीबानं सगळं सांगितलं. नानासोंनी दोन्ही हात डोक्याला लावले. मग हात काढून विचारलं, "बाईनं म्हस इकली, म्हंजे तिला पैशाची नड हाय. कसली नड?"

"मला वाटतंय, माझ्यासारखंच तिलाबी न्हाई म्हणाय आलं न्हाई."

दिवस कलायच्या आत धोंडुबाई धारेला बसल्या. बिजलीनं बादली लाथेनं पार गोठ्याबाहेर घालवली. परत बसल्या, परत लाथ. पेंड दाखवली, गूळ दाखवला, कपाळावर हळद लावली. कास दगडासारखी टणक झालेली, पण पान्हा सोडायचं नाव नाही.

"फशिवलं!" नानासो गरजले. "भाकड म्हस गळ्यात मारली! मी म्हणत नव्हतो, त्या घरात काय तरी हाय?"

"भाकड कुठली, कास बघा की जरा," धोंडुबाई म्हणाल्या. "माणसाच्या सवयीची हाय ही. तिची धार कोण काढत हुतं ते इचारा, न्हाईतर जनावर आजारी पडंल."

संयोगितानं पदराआड हसू दाबलं असतं, पण ती पंजाबी ड्रेसमध्ये होती, म्हणून ओढणी वापरली. मग मोबाईल काढून नंबर लावला.

"तुझ्याकडं नंबर कसा त्याचा?" नानासो एकदम सावध.

"बायोडाटावर हाय की, आबा. तुमीच पाठीवला मला." तिनं फोन स्पीकरवर टाकला. "हॅलो, मी कुंडलची संयोगिता."

पलीकडं काहीतरी पडल्याचा आवाज आला. बहुतेक जयराजच. तो बोलणार एवढ्यात बिजली मोठ्यांदा हंबरली.

"ही आमची बिजली हाय!" जयराज ओरडला. "तुमच्याकडं कशी? आईनं तर व्यापाऱ्याला इकली म्हणून सांगितलं!"

कोंडीबा गोठ्याच्या खांबामागं गेला. खांब बारीक होता आणि कोंडीबा जाड.

"ते मागनं सांगती," संयोगिता म्हणाली. "ती पान्हा सोडंना. काय करायचं?"

चोरट्या आवाजात तो म्हणाला, "धार मीच काढतो तिची. तिचं रेडकू गेलं, तवापासनं ती नुसत्या हातावर ऱ्हात न्हाई. आवाज लागतो. मी धारंला बसलो की माझ्या प्रबंधातली उदाहरणं मोठ्यानं वाचतो. माझी पाठ होत्यात, तिची धार होती."

"इंग्रजीत?" नानासोंनी विचारलं.

"इंग्रजीत. मराठीत एकदा बघितलं वाचून. लाथ बसली."

"मग वाचा," संयोगिता म्हणाली आणि फोन बिजलीच्या कानाशी धरला.

जयराजनं घसा खाकरला. सावकाश, जड, पोथी वाचावी तशा लयीत त्यानं सुरुवात केली. दर ओळीत तो शब्द आला, की बिजलीचा कान हलायचा. टॅरी. दुसऱ्या टॅरीला तिनं मान खाली घातली. धोंडुबाईंनी हात घातला, आणि बादलीत पहिली सर वाजली.

"थम!" नानासो म्हणाले. धारही थांबली. "म्हशीला तू काय सांगतोयस ते आमाला कळाय नको? माझी पोरगी हुबी हाय हितं. एकेक वाक्याचा अर्थ सांगायचा."

"आवं, दूध अडतंय," धोंडुबाई कळवळल्या.

"अडू दे."

मग जयराज एक वाक्य इंग्रजीत वाचायचा आणि एकदा मराठीत सांगायचा. इंग्रजीला धार यायची, मराठीला थांबायची.

"हे एका जुन्या कथेतलं. किल्ल्याच्या दारात वाटसरू आलाय, पाऊस पडतोय. दरवान म्हणतो, बाबा, उजाडंपतूर टॅरी कर."

"ओळखपत्र बघितलं का त्यानं?"

"त्या काळात नव्हतं, साहेब."

"म्हणूनच किल्ले पडले. पुढं."

"ह्यात सेनापती शिपायांना म्हणतो, हितं टॅरी करू नका, टेकडीमागं शत्रू हाय."

"ह्यो शाणा हाय," नानासो पहिल्यांदाच खूश झाले. "ह्याचं आणखी वाच."

"त्याचं एवढंच हाय. पुढच्या पानावर मरतो तो." कागद उलटल्याचा आवाज आला. "हे एका गाण्यातलं. बंदरावर एक बाई हाय. तिच्या माणसाचं जहाज निघालंय, शिडं चढवल्यात. ती म्हणती, वारा पडंपतूर टॅरी कर. तो काय बोलत न्हाई. नुसता दोर सोडतो."

बिजली आता मराठीलाही थांबेना, धार जोरात सुरू होती. बादलीवर फेस आला होता.

"मग ती काय करती?" संयोगितानं विचारलं. हे म्हशीसाठी नव्हतं.

"ती थांबती. वर्षानुवर्षं. पण तिच्या थांबण्याला गाण्यात दुसरा शब्द हाय, साधा, वेट. टॅरी जाणाऱ्यानं करायचं आसतं. मागं ऱ्हाणाऱ्याच्या वाट्याला ते येत न्हाई. मी सगळी जुनी पुस्तकं चाळली. मागं ऱ्हाणाऱ्याला कुणीच म्हणत न्हाई, टॅरी कर म्हणून."

"म्हंजे तुमच्याकडनं 'कळवतो' आलंय, तवापासनं मी करतीया ते वेट," संयोगिता म्हणाली.

फोनमधून कागद खाली पडल्याचा आवाज आला. बिजलीची धार मात्र चालूच. बादली भरून दूध खाली सांडायला लागलं तरी धोंडुबाईंचा हात थांबेना, कारण त्यांचं सगळं लक्ष फोनकडं होतं.

"ए पोरा!" नानासोंनी फोन हातात घेतला. "हे म्हशीला चाललंय का माझ्या पोरीला?"

"म्हशीलाच सुरू केलं हुतं, साहेब," तिकडून आवाज आला आणि रेंज गेली. रेंज खरंच गेली की घालवली, यावर जेवताना नानासो एकटेच चर्चा करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी राहीबाई आणि जयराज कुंडलच्या अंगणात हजर. राहीबाईंनी चप्पल काढायच्या आधीच तोंड उघडलं.

"माणूस पाठवून चौकशी केली ती केली, वर म्हसबी नेली! म्हस ओलीस ठिवून सोयरीक पक्की करायचा इचार हाय व्हय, पाव्हणं?"

"ओलीस?" नानासो खुर्चीतून उठले. "खोड सांगायची न्हाई, पैसं मोजून घ्यायचं, आन वर आमालाच इचारता? तुमी आमच्या माणसाला वळाकलं हुतं!"

"वळाकलं तर! म्हस बघाय आलेला माणूस मोरीचं दार उघडून बघतोय व्हय कुठं?"

"मामा, मोरीचं दार?" संयोगितानं विचारलं.

"स्वच्छता बघत हुतो," कोंडीबा पुटपुटला.

"आन म्या इकली का, ते इचारा की!" राहीबाई म्हणाल्या. "आमी न्हाई म्हणलो आसतो, तर तुमी म्हणला आसता, बाई शब्दाला फिरती."

"म्हणलोच आसतो," नानासो म्हणाले. त्यांनी राहीबाईंकडं जरा निरखून बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या तोडीचं माणूस भेटल्यासारखं त्यांना वाटत होतं. पण लगेच त्यांनी मोर्चा जयराजकडं वळवला. "ते ऱ्हाऊ दे. तू सांग. गावात एक माणूस तुला नाव ठिवत न्हाई. त्यानं मला झोप न्हाई. पाच वर्षं एका शब्दावर बसलायस. खरं काय हाय ते आज बोल. जेल का बायको?"

जयराजनं आईकडं बघितलं, मग बिजलीकडं, मग संयोगिताकडं. तिच्याकडं जरा जास्तच बघितलं.

"काम झालंय माझं," तो म्हणाला. "प्रबंध कवाच लिहून पुरा हाय. शेवटच्या पानासकट. दिला न्हाई विद्यापीठात."

"आँ?" हा आवाज राहीबाईंचा. "मला सांगतोस, सर सही देत न्हाईत म्हणून!"

"सरांनी सही केली, रिटायर झालं, पेन्शनबी सुरू झाली त्यांची. मीच देत न्हाई. द्यायला निघालो की आणखी एका जुन्या पुस्तकात तो शब्द सापडतो. मग म्हणतो, एवढं घालू आन देऊ. दिल्यावर पुढं काय, तेबी कळत न्हाई. ह्यांना कळवायचं म्हणून फोन हातात घेतला, की तसंच हुतंय. म्हणतो, आईची पोरीबद्दलची चौकशी करून हुदे, मग कळवू."

"माझ्यावर ढकलतोयस व्हय रं!" राहीबाई म्हणाल्या.

नानासोंच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, की धोंडुबाईंना वाटलं, पेन्शन वाढली.

"सापडलं!" ते मांडीवर थाप मारून म्हणाले. "कोंड्या, ऐकलंस का? घुटमळ्या हाय नुसता! लबाड न्हाई, दारुडा न्हाई, बायको न्हाई. उंबऱ्यावर घुटमळतोय, बास! लेका, हे त्या पानपट्टीवाल्यानं पयल्याच दिवशी सांगितलं आसतं, तर मी कवाच हुकार दिला आसता. ज्याची खोड कळत न्हाई, त्याच्या घरात पोरगी कशी द्यायची?"

"म्हंजे तुमचं पक्कं का, आबा?" संयोगितानं विचारलं.

"माझं पक्कं."

"माझं न्हाई."

सगळे तिच्याकडं वळले. ती जयराजसमोर येऊन उभी राहिली.

"प्रबंध कुठं हाय?"

"लॅपटॉपमधी. गाडीत."

"पलूसला माझ्या लॅबखाली झेरॉक्स आन बाइंडिंगवाला हाय. नऊला उघडतो. आज छापायचा, आजच बांधायचा, आन उद्या कोल्हापूरला जाऊन द्यायचा. मी येती संगं."

"उद्या?" जयराजचा चेहरा पडला. "कालच एक नवीन सापडलंय. लय सुंदर हाय. राजकन्या खिडकीत बसलीया आन..."

"जयराज."

नावानं हाक मारली तिनं, सगळ्यांदेखत. राहीबाईंची भुवई वर गेली.

"न्हाई घालत," जयराज म्हणाला.

"आन कळवायचं काय हुतं?"

"व्हय म्हणून," तो म्हणाला. एवढ्या झटक्यात म्हणाला, की नानासोंनी डोळे बारीक केले आणि तोंड उघडलं, पण धोंडुबाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"मग माझंबी व्हय," संयोगिता म्हणाली आणि स्कुटीची किल्ली आणायला आत गेली.

धोंडुबाई तिच्या मागोमाग आत गेल्या आणि वाटीत साखर घेऊन आल्या. सगळ्यांच्या हातावर चिमूट चिमूट ठेवली. कोंडीबानं लगेच तोंडात टाकली. जयराज लॅपटॉप आणायला गाडीकडं पळाला होता, त्याची संयोगितानं घेतली. राहीबाईंनी मात्र साखर तळहातावर उन्हात धरली. बोटानं पसरून बघितली. वास घेतला.

"कारखान्याची हाय का दुकानातली?"

"सभासदाची हाय," नानासो ताठ होऊन म्हणाले. "आमच्या उसाची."

"बगू," राहीबाई म्हणाल्या आणि साखर जिभेवर ठेवली. आपल्या हातावरची तशीच धरून नानासो त्यांच्या गळ्याकडं बघत राहिले. त्यांनी ती नीट गिळली, याची खात्री झाल्यावरच स्वतःची खाल्ली.